ऑनलाइन विनंती अर्ज : सहीचे मोल आणि उत्तराचे बंधन

लोकशाही राज्यपद्धतीत नागरिकाचा राज्यकारभाराशी येणारा संबंध केवळ मतदानाच्या दिवसापुरता मर्यादित नसतो. दोन निवडणुकांच्या मधल्या काळात आपले म्हणणे राज्यकर्त्यांच्या कानी घालण्याचा जो सर्वांत जुना सनदशीर मार्ग आहे, तो विनंती अर्जाचा होय. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० अन्वये प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे अथवा प्राधिकरणाकडे, तेथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, अभिवेदन सादर करण्याचा हक्क आहे.

गेल्या पंचवीस वर्षांत या अर्जाचे बाह्य रूप पालटले आहे. कागदाच्या जागी संगणकाचा आणि मोबाईलचा पडदा आला. पूर्वी ज्या सह्या गोळा करण्यास कार्यकर्त्यांना महिनोन् महिने दारोदार हिंडावे लागे, त्या आता एका रात्रीत जमू शकतात. अर्ज सुरू करणे अशा रीतीने सोपे झाले असले, तरी तीन प्रश्न उरतातच. अर्ज नेमका कोणाकडे जाणार? सही करणारी व्यक्ती खरी कशावरून? आणि त्या अर्जाला उत्तर देण्याचे बंधन कोणावर? या प्रश्नांची उत्तरे यंत्र देऊ शकत नाही. ती नियमांनीच द्यावी लागतात. काही देशांच्या विधिमंडळांनी असे नियम केले असून त्यांचा अनुभव आपल्याकडील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना उद्बोधक वाटेल असा आहे.

प्रश्न जुनेच

हे प्रश्न संगणकाबरोबर जन्माला आलेले नाहीत. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. नामदार जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखी मंडळी तिच्यात अग्रभागी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचा प्रश्न ब्रिटिश संसदेपुढे येणार असल्याने या संस्थेने येथील कारभारातील दोष दाखविणारा अर्ज संसदेकडे धाडला. पुढे १८७० मध्ये पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा ‘ही मंडळी कोणाच्या वतीने बोलतात?’ या आक्षेपाला तिने आधीच उत्तर योजून ठेवले होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्याने लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे, असा तिचा दंडक होता. सुमारे सहा हजार लोकांनी निवडून दिलेल्या ९५ सभासदांनिशी सभेचे काम सुरू झाले.

याउलट उदाहरण इंग्लंडातील चार्टिस्ट चळवळीचे आहे. कामगारांना मताधिकार मिळावा या मागणीसाठी १८४८ मध्ये या चळवळीने संसदेला अर्ज दिला. त्यावर ५७ लाख सह्या असल्याचे पुढाऱ्यांनी जाहीर केले होते. संसदेच्या लेखनिकांनी मोजणी केली तेव्हा त्या २० लाखांहूनही कमी भरल्या. शिवाय त्यांत राणी व्हिक्टोरियाचे आणि ‘पंच’ या विनोदी पात्राचेही नाव आढळले. वीस लाख हा आकडा काही लहान नव्हता. परंतु खोट्या सह्यांमुळे खऱ्या सह्यांचीही थट्टा झाली आणि न्याय्य मागणीचे बळ घटले.

ब्रिटिश संसदेची पद्धत

ब्रिटनमध्ये पंतप्रधानांच्या कार्यालयाने नोव्हेंबर २००६ मध्ये ऑनलाइन अर्ज स्वीकारण्यास प्रारंभ केला. काही महिन्यांतच रस्ते वापरावरील प्रस्तावित आकारणीविरुद्धच्या एका अर्जावर सुमारे १८ लाख सह्या झाल्या. तथापि अशा अर्जाचे पुढे काय करावयाचे याविषयी संसदेवर कोणतेही बंधन नव्हते. २०१५ मध्ये शासन आणि कॉमन्स सभागृह यांनी मिळून नवी व्यवस्था उभारली आणि तिची देखरेख सभागृहाच्या विनंती अर्ज समितीकडे सोपविली.

या व्यवस्थेत ब्रिटिश नागरिक किंवा त्या देशातील रहिवासी यांनाच अर्ज सुरू करता येतो व त्यावर सही करता येते. अर्जदाराने आपली मागणी थोडक्या शब्दांत, एका वाक्यात सांगावयाची असते. पार्श्वभूमी त्याखाली निराळी द्यावयाची असते. त्यानंतर पाच समर्थक मिळवावे लागतात. ते मिळाल्यावरच अर्ज तपासणीस जातो व नियमांत बसत असल्यास प्रसिद्ध होतो. तो सहा महिने खुला राहतो. दहा हजार सह्या झाल्या की शासनाने लेखी उत्तर द्यावयाचे आणि एक लाख सह्या झाल्या की समितीने त्यावर चर्चा घेण्याचा विचार करावयाचा, असे दोन टप्पे ठरलेले आहेत. येथे ‘विचार करावयाचा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एक लाख सह्यांमुळे चर्चेचा हक्क प्राप्त होत नाही. आणि चर्चा झाली तरी मागणी मान्य झालीच पाहिजे असेही नाही. संसद विसर्जित होताच सर्व खुले अर्ज बंद होतात.

नकाराचीही कारणे

कोणते अर्ज स्वीकारले जाणार नाहीत, हेही या नियमांत स्पष्ट केलेले आहे. ज्यात शासनाने किंवा संसदेने नेमके काय करावे हे सांगितलेले नाही, असा अर्ज नाकारला जातो. त्याच मागणीचा दुसरा अर्ज आधीच खुला असेल, तर नवा उघडला जात नाही. अर्जदाराला जुन्यावर सही करण्यास सुचविले जाते. वैयक्तिक गाऱ्हाणी, न्यायप्रविष्ट बाबी, बदनामीकारक किंवा खोटा मजकूर, जाहिरात, तसेच एखाद्याला पदावर नेमावे वा पदावरून काढावे अशा मागण्या वर्ज्य आहेत. स्थानिक नगरपरिषदेच्या अखत्यारीतील प्रश्न असल्यास तो तिच्याकडेच न्यावा लागतो.

नाकारलेला अर्जही, त्यातील मजकूर बेकायदा किंवा आक्षेपार्ह नसल्यास, नकाराच्या कारणासह प्रसिद्ध केला जातो. त्यामुळे कोणता अर्ज कोणत्या नियमाने अडला हे कोणालाही तपासून पाहता येते आणि अर्ज मुद्दाम दडपला गेल्याची शंका राहत नाही.

सही खरी कशी ठरते

सही करणाऱ्याला आपले नाव, ई-मेल पत्ता आणि टपाल क्रमांक द्यावा लागतो व आपण नागरिक किंवा रहिवासी असल्याचे निवेदन करावे लागते. त्या पत्त्यावर एक दुवा पाठविला जातो. तो उघडून खातरजमा केल्यावरच सही मोजली जाते. अर्ज सुरू करणाऱ्याचे नाव प्रसिद्ध होते. सह्या करणाऱ्यांची नावे मात्र गुप्त ठेवून कोणत्या मतदारसंघातून किती सह्या झाल्या एवढेच दाखविले जाते. आपल्या मतदारसंघातील किती लोक या प्रश्नात लक्ष घालतात हे लोकप्रतिनिधीला त्यावरून कळते आणि सही करणाऱ्यालाही संकोच वाटत नाही.

या व्यवस्थेची मोठी कसोटी २०१६ मध्ये लागली. युरोपीय संघातून बाहेर पडण्याविषयीच्या सार्वमतासाठी विशिष्ट टक्केवारीची अट असावी, अन्यथा पुन्हा सार्वमत घ्यावे, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर ४१ लाखांहून अधिक सह्या झाल्या. त्यांत बनावट सह्यांचा भरणा असल्याचे लक्षात येताच समितीने चौकशी केली व सुमारे ७७ हजार सह्या काढून टाकल्या. व्हॅटिकन या चिमुकल्या राज्यातून ३९ हजारांवर सह्या आल्याचे दिसत होते. तेथील लोकसंख्या हजाराच्या आसपास आहे. बनावट सह्या काढल्याचे समितीने स्वतःच जाहीर केल्यामुळे उरलेल्या सह्यांवरील विश्वास टिकला.

याच अर्जाने आणखी एक धडा दिला. तो सार्वमतापूर्वी, मे २०१६ मध्ये, सुरू झाला होता आणि सुरू करणारी व्यक्ती बाहेर पडण्याच्या बाजूची होती. निकाल बाहेर पडण्याच्या बाजूने लागल्यावर मात्र विरुद्ध मताच्या लाखो लोकांनी त्यावर सह्या केल्या. प्रसिद्ध झालेल्या अर्जाचा मजकूर मागाहून बदलता येत नाही. म्हणून तो लिहितानाच पूर्ण विचार करावा लागतो.

उत्तर देणाऱ्याची जबाबदारी

अर्जदारासाठी नियम असतात तसेच अर्ज स्वीकारणाऱ्या संस्थेसाठीही असावे लागतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने सप्टेंबर २०११ मध्ये अशीच सोय सुरू केली. उत्तर मिळण्यासाठी प्रारंभी तीस दिवसांत पाच हजार सह्यांची अट होती. ती लवकरच पंचवीस हजार आणि जानेवारी २०१३ मध्ये एक लाख करण्यात आली. २०२१ मध्ये सत्तांतरानंतर ती सोय बंद झाली. दक्षिण कोरियात राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाने २०१७ मध्ये सुरू केलेली सोयही २०२२ मध्ये सत्ताबदलाबरोबर संपली. दोन्ही ठिकाणी लोकांचा प्रतिसाद उदंड होता. परंतु सोय एका कार्यालयाच्या इच्छेवर आधारलेली असल्याने ती त्या कार्यालयाबरोबरच गेली.

जर्मनीत अर्जाचा हक्क मूलभूत कायद्याच्या अनुच्छेद १७ मध्ये नमूद आहे. तेथील संसदेची समिती एका व्यक्तीच्या अर्जाचाही विचार करते. सह्यांची संख्या लागते ती जाहीर सुनावणीसाठी. ही संख्या पूर्वी चार आठवड्यांत पन्नास हजार होती. २०२४ मध्ये ती सहा आठवड्यांत तीस हजार करण्यात आली. स्कॉटलंडच्या संसदेने २००० मध्येच ऑनलाइन अर्जाचा प्रयोग केला. तेथे एका सहीचा अर्जही चालतो. मात्र त्यापूर्वी अर्जदाराने लोकप्रतिनिधीकडे किंवा शासनाकडे हा प्रश्न नेऊन पाहिलेला असावा लागतो.

आकडा आणि परिणाम

युरोपीय संघातून बाहेर पडण्याची प्रक्रिया मागे घ्यावी या मागणीच्या अर्जावर २०१९ मध्ये ६१ लाखांवर सह्या झाल्या. १ एप्रिल २०१९ रोजी त्यावर चर्चा झाली. परंतु शासनाने मागणी मान्य केली नाही. कामावर उंच टाचेचे बूट घालण्याची सक्ती स्त्रियांवर करू नये, असा एक अर्ज २०१६ मध्ये आला होता. त्यावर सुमारे दीड लाख सह्या झाल्या. विनंती अर्ज समितीने स्त्रिया व समता समितीच्या सहकार्याने साक्षी नोंदविल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये अहवाल दिला. मार्चमध्ये सभागृहात चर्चा झाली व २०१८ मध्ये शासनाने मालकांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. पहिल्या अर्जामागे राष्ट्राचा मोठा राजकीय वाद होता. दुसऱ्यात एकच निश्चित मागणी होती आणि तिचा पाठपुरावा करणारी समिती होती. दुसऱ्या अर्जाचे यश सह्यांच्या बेरजेपेक्षा या चौकशीत होते.

आपल्याकडील व्यवस्था

भारतात लोकसभा व राज्यसभा या दोन्ही सभागृहांच्या विनंती अर्ज समित्या आहेत. लोकसभेच्या समितीत किमान पंधरा सदस्य असतात व मंत्र्यांची तिच्यावर नेमणूक होत नाही. अर्जाची भाषा आदरयुक्त व संयत असावी, त्यावर सही करणाऱ्याचे पूर्ण नाव व पत्ता असावा, निरक्षर व्यक्तीने अंगठा उमटवावा आणि सभागृहाच्या सदस्याने तो प्रतिस्वाक्षरीसह सादर करावा, असे तेथील नियम आहेत. न्यायप्रविष्ट बाबी येथेही वर्ज्य आहेत. महाराष्ट्र विधानमंडळातही विनंती अर्ज समिती आहे.

वैयक्तिक गाऱ्हाण्यांचा मार्ग याहून वेगळा आहे. रखडलेले निवृत्तिवेतन, न मिळालेला दाखला अशा बाबींसाठी केंद्र शासनाची तक्रार निवारण प्रणाली आणि राज्यात ‘आपले सरकार’ हे संकेतस्थळ आहे. गावातील रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांचा विचार प्रथम ग्रामसभेत व्हावयास हवा.

खासगी संकेतस्थळांवरही आज असंख्य अर्ज फिरत असतात. लोकजागृतीसाठी त्यांचा उपयोग होतो. तथापि तेथे जमलेल्या सह्यांना उत्तर देण्याचे बंधन कोणत्याही सभागृहावर किंवा कार्यालयावर नसते, हे सही करणाऱ्याने ध्यानात ठेवावे. तेथे दिलेले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक कोणाच्या हाती राहतात, हेही पाहिले पाहिजे. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात अशी माहिती संबंधित व्यक्तीच्या संमतीने आणि ठरलेल्या प्रयोजनापुरतीच वापरण्याचे तत्त्व आहे. गावात इतरांच्या वतीने मोबाईलवर सह्या ‘करून देण्याची’ सवय म्हणूनच धोक्याची आहे. ज्याला अर्ज वाचून दाखविलेला नाही, त्याची सही घेणे म्हणजे १८४८ चीच चूक पुन्हा करणे होय.

अर्ज सुरू करण्यापूर्वी

या सर्व अनुभवांतून काही साधे नियम हाती येतात. मागणी एकच असावी व ती एका वाक्यात सांगता यावी. ती मान्य करण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्याच नावे अर्ज लिहावा. ग्रामपंचायत, पंचायत समिती किंवा संबंधित कार्यालय यांच्याकडे पूर्वी काय पत्रव्यवहार झाला, ते तारखांसह नमूद करावे. आकडे तपासून घ्यावेत. व्यक्तींवर दोषारोप करू नयेत. अर्जाची मुदत आधी ठरवावी आणि जे काही उत्तर येईल ते, प्रतिकूल असले तरी, सही करणाऱ्या सर्वांना कळवावे.

अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यानेही तो कोणत्या दिवशी आला, कोणाकडे गेला आणि त्याचे काय झाले, हे अर्जदाराला समजेल अशा भाषेत कळविणे अगत्याचे आहे. मागणी मान्य करणे नेहमीच शक्य नसते. परंतु नकाराचे कारण कळविणे शक्य असते. शाळांमधून नागरिकशास्त्र शिकविताना विद्यार्थ्यांकडून असा एखादा अर्ज प्रत्यक्ष लिहवून घेतला, तर गाऱ्हाणे आणि मागणी यांतील फरक त्यांच्या सहज ध्यानी येईल. पुढे मोबाईलच्या पडद्यावर सही करण्याची वेळ येईल तेव्हा अर्ज कोणाकडे जाणार आहे आणि त्याचे उत्तर कोण देणार आहे, हे विचारण्याची सवय त्यांना लागलेली असेल.