सांगण्यासारखं खूप आहे!

बचत गटाच्या बैठकीत कुणाला ‘स्वतःबद्दल थोडं बोला’ म्हटलं, की ठरलेलं उत्तर येतं, ‘आमच्या आयुष्यात काय हो सांगण्यासारखं?’ अशा वेळी मला हटकून लॉरेटा लिन आठवते.

लॉरेटा अमेरिकेतली. ‘कंट्री’ म्हणजे तिकडचं गावाकडचं संगीत, त्यातली ही नावाजलेली गायिका. १९३२ साली केंटकी राज्यातल्या डोंगराळ खेड्यात, कोळसा खाणीतल्या मजुराच्या घरी ती जन्मली. आठ भावंडं, घरची गरिबी. पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि विशी गाठेपर्यंत पदरात चार मुलं! नवऱ्यानं गिटार आणून दिली, ती मुलांचं करता करता आपली आपण शिकली.

२००४ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी तिनं ‘व्हॅन लीअर रोझ’ हा अल्बम काढला. तेरा गाणी, तिनंच रचलेली. संगीताची बाजू सांभाळली जॅक व्हाइट या तिशीही न गाठलेल्या रॉक संगीतकारानं. व्हॅन लीअर हे तिच्या वडिलांच्या खाणीचं गाव आणि तिथला गुलाब म्हणजे तिची आई! बाबा आईच्या रूपाचं जे कौतुक सांगायचे, त्याचंच गाणं झालं. एका ठिकाणी तर ती गातच नाही, लहानपणच्या लाल बुटांची आठवण नुसती बोलून सांगते.

आपल्याकडे म्हणतात, झाकली मूठ सव्वा लाखाची. लॉरेटानं मात्र मूठ उघडली. नवऱ्याचं पिणं, त्याचं बाहेर लक्ष असणं तिनं आत्मचरित्रातही लपवलं नव्हतं. या अल्बममध्ये एक बायको मुलांना घेऊन थेट ‘तिच्या’ दारात उभी राहते. आणि दुसऱ्या एका गाण्यात विधवेचं एकटेपण आहे. लॉरेटाचा अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार १९९६ मध्ये नवऱ्याच्या मृत्यूनं संपला होता. राग खरा, तशी मायाही खरी. दोन्ही एकाच बाईच्या मनात असतात, हे आपल्याला का कुणी सांगायला हवं?

२००५ मध्ये या अल्बमला दोन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. २०२२ मध्ये नव्वदाव्या वर्षी लॉरेटा गेली.

मैत्रिणींनो, गाता आलं नाही तरी चालेल. पण आईची एखादी गोष्ट, मनातली एखादी सल लेकीला सांगून तर बघा. ‘काय सांगू?’ म्हणणारीकडेच सांगण्यासारखं सगळ्यात जास्त असतं, हे मी बैठकीत नेहमी बघते.