संशोधननिबंधाचीं पांच अंगें

महाविद्यालयांतील विद्यार्थ्यानें संशोधननिबंध कसा रचावा, हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल. पोथ्या व दप्तरें सांभाळणाऱ्यांस वर्गांतील पाठाशीं काय कर्तव्य, असें कोणी विचारल्यास तें गैर नाहीं. परंतु परिस्थिति पालटली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानें डिसेंबर २०२२ मध्यें पदवीशिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांत पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास चौथ्या वर्षीं संशोधनाचा मार्ग घेण्याची मुभा असून त्यासाठीं लघुप्रबंध लिहावयाचा असतो. पूर्वीं पदव्युत्तर अभ्यासकानें करावयाचें काम आतां वीस-एकवीस वर्षांच्या मुलामुलींच्या हातीं येत आहे. हीं मुलें विषय शोधीत आपल्याच गांवच्या वाड्यांत, मठांत व आमच्यासारख्यांच्या माळ्यावर येणार. त्यांनीं लिहिलेल्या चार पानांवांचून ज्यांचा दुसरा मागमूस उरणार नाहीं, असे कागद आमच्या काटोल तालुक्यांत पुष्कळ आहेत. तेव्हां त्यांचा निबंध चांगला उतरणें हें जितकें त्यांच्या हिताचें, तितकेंच आपल्याहि हिताचें आहे.

आमच्या या आग्रहास एक लाजिरवाणें कारण आहे. तें आधींच सांगून टाकतों. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं या तालुक्यांतील एका घराण्याच्या दप्तरांत आम्हांस एक मोडी महजर पाहावयास मिळाला. त्यावर आम्हीं एक टिपण लिहिलें व तें छापूनहि आलें. टिपणांत शक दिला, सार दिलें, निष्कर्ष तर मोठ्या ऐटींत काढला. परंतु मूळ मजकुराची अक्षरशः नक्कल दिली नाहीं, रुमालाची खूण नोंदविली नाहीं, आणि शकाचा तिसरा आंकडा नेमका फाटलेल्या घडीवर येत होता, हेंहि सांगितलें नाहीं. पुढें एका अतिवृष्टींत त्या वाड्याची भिंत बसली व दप्तर चिखलांत गेलें. नंतर एका अभ्यासकाचें पत्र आलें : तो आंकडा ६ कीं ७? आमच्यापाशीं उत्तर नव्हतें; आजहि नाहीं. आमचें वाचन बरोबर होतें कीं चुकीचें, हें आतां आम्हांसहि सिद्ध करतां येत नाहीं. मूळ कागद पाण्यानें नेला. त्याची साक्ष राखणें आमच्या हातीं होतें, तें आम्हीं केलें नाहीं.

गेल्या श्रावणांत पदवीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी आमच्याकडे आली, तेव्हां हें सर्व पुन्हां आठवलें. तिचा विषय ‘काटोलचा प्राचीन इतिहास’ हा होता. अकरा पानें लिहून झालीं होतीं. पहिल्या चारांत भारतवर्ष, पुढील चारांत महाराष्ट्र, मग विदर्भ, आणि काटोल अखेरच्या पानावर. आम्हीं विचारलें, “तुझा संशय कोणता?” ती म्हणाली, “गुरुजी, संशय कांहींच नाहीं. माहिती मात्र पुष्कळ आहे.” या एका उत्तरांत बहुतेक विद्यार्थी-निबंधांचें वैगुण्य सांपडतें. आम्हीं तिला जें सांगितलें, तेंच येथें व्यवस्थित मांडीत आहों.

मीमांसकांनीं विचाराच्या एका पूर्ण घटकास अधिकरण ही संज्ञा दिली असून त्याचीं पांच अंगें मानलीं आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष व निर्णय. कोणी निर्णयाच्या जागीं संगति गणतात. आमच्या मतें संशोधननिबंधाची याहून सुटसुटीत रचना दुसरी नाहीं. आजच्या विद्यापीठीय नमुन्यांतील प्रस्तावना, पूर्वाभ्यासाचा आढावा, विवेचन व निष्कर्ष हीं प्रकरणें याच अंगांचीं निराळीं नांवें होत.

पहिलें अंग विषय. मीमांसकाचा विषय म्हणजे सगळा वेद नव्हे. एखादें विशिष्ट वाक्य असतें. निबंधलेखकानेंहि एक ताम्रपट, एक पोथी, एक महजर, किंवा फार तर एका घराण्याचा एक रुमाल घ्यावा. ‘काटोलचा प्राचीन इतिहास’ हा विषय नव्हे, तो प्रदेश आहे. त्यांत पायवाट सांपडेपर्यंत विद्यार्थ्याचें वर्ष संपतें.

दुसरें अंग संशय. निबंधाचा प्राण तो हाच. ज्या प्रश्नाचीं निदान दोन उत्तरें संभवतात व त्यांपैकीं एक निवडण्यास कांहीं साधन हातीं येऊं शकतें, तोच खरा संशय. काटोल म्हणजे चंद्रहास राजाचें कुंतलपूर, अशी आमच्या गांवची समजूत आहे. चंद्रहासाची कथा जैमिनीच्या अश्वमेधांत आहे. उलट शिलालेखांतील कुंतल देश सामान्यतः दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटक या बाजूचा मानला जातो. आतां ‘काटोल हेंच कुंतलपूर काय?’ असा प्रश्न विद्यार्थिनीनें घेतला, तर कथेंतील नगराची जागा ठरविण्याच्या खटपटींत ती बुडेल. परंतु ‘काटोल तें कुंतलपूर ही समजूत लेखी स्वरूपांत किती मागें नेतां येते?’ असें विचारलें कीं काम हातच्या आटोक्यांत येतें. गांवांतील व आसपासच्या पोथ्यांच्या पुष्पिका, देवळांतील लेख, जुने महसुली कागद, १९०८ चें नागपूर जिल्ह्याचें गॅझेटियर, हीं सर्व कालक्रमानें लावून प्रत्येकांत काय आहे व काय नाहीं, एवढेंच पाहावयाचें. उत्तर नकारात्मक आलें तरी निबंध वाया जात नाहीं.

तिसरें व चौथें अंग, म्हणजे पूर्वपक्ष व उत्तरपक्ष, उदाहरणावांचून नीट कळत नाहींत. म्हणून विदर्भांतलेंच एक प्रसिद्ध उदाहरण घेऊं. अचलपूरजवळील चम्मक येथील व शिवनी येथील वाकाटक ताम्रपटांत प्रभावतीगुप्ता ही महाराजाधिराज देवगुप्ताची कन्या म्हटली आहे. हा देवगुप्त कोण, हा संशय. फ्लीट यांनीं १८८८ सालीं प्रसिद्ध केलेल्या गुप्तलेखसंग्रहांत त्यास मगधाच्या उत्तरकालीन गुप्तांपैकीं आदित्यसेनाचा पुत्र देवगुप्त मानलें. त्यामुळें वाकाटक राजे सातव्या-आठव्या शतकांत जाऊन बसले. हा पूर्वपक्ष दुबळा नव्हता. नांव जुळत होतें, पदवीहि जुळत होती. ब्यूलर यांनीं लिपीच्या आधारें वाकाटकांस पांचव्या शतकांत ठेविलें होतें. परंतु केवळ अक्षरवटिकेच्या बळावर वाद मिटेना.

उत्तरपक्ष उभा राहिला तो प्रभावतीगुप्तेच्या पुणें ताम्रपटांमुळें. काशिनाथ बापूजी पाठक व काशिनाथ नारायण दीक्षित यांनीं ते एपिग्राफिया इंडिकाच्या १५ व्या खंडांत संपादून प्रसिद्ध केले. त्यांत आरंभीं वाकाटकांची नव्हे तर गुप्तांची वंशावळ असून, प्रभावतीगुप्ता ही समुद्रगुप्ताचा पुत्र चंद्रगुप्त व नागकुलांतील कुबेरनागा यांची कन्या, रुद्रसेनाची अग्रमहिषी व युवराज दिवाकरसेनाची माता, असें स्पष्ट म्हटलें आहे. मग देवगुप्त हें नांव कसें? सांचीच्या गुप्त संवत् ९३ मधील, म्हणजे इ. स. ४१२-१३ च्या लेखांत चंद्रगुप्ताचें देवराज असें दुसरें नांव येतें. त्यावरून तीहि अडचण दूर झाली. पित्याचा काळ ठरला, त्याबरोबर कन्येचा ठरला, आणि सगळा वाकाटक वंश आपल्या जागीं आला.

या उदाहरणापासून विद्यार्थ्यानें तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळासह मांडावा. ‘फ्लीटसाहेब चुकले’ एवढें लिहिणारा वाचकास कांहींच शिकवीत नाहीं. ते कोणत्या सबळ कारणानें चुकले, हें सांगणारा शिकवितो. दुसरी, मत कितीहि पटणारें असलें तरी तें निर्णायक आधार मिळेपर्यंत मतच राहतें. ब्यूलर यांचा अंदाज खरा ठरला, तरी वाद मिटविला तो ताम्रपटानें. तिसरी, वस्तु सांपडण्याचें ठिकाण व तिचें मूळ ठिकाण एक मानूं नये. हे ताम्रपट पुण्यास मिळाले म्हणून त्यांस पुण्याचें नांव पडलें. ते दिले गेले मात्र नंदिवर्धनाहून, म्हणजे आमच्या रामटेकजवळील नगरधनाहून.

पांचवें अंग निर्णय. निर्णय आधाराच्या बाहेर एक पाऊलहि जातां कामा नये. पुणें ताम्रपटांवर तेरावें राज्यवर्ष आहे, कोणत्याहि संवताचें वर्ष नाहीं. म्हणून त्यांवरून समकालीनत्व ठरतें, नेमकें इसवी वर्ष ठरत नाहीं. विद्यार्थ्यानें शेवटच्या परिच्छेदांत काय सिद्ध झालें, काय संभवनीय आहे व काय अनिर्णीत राहिलें, हे तीन भाग वेगळे लिहावेत. तिसरा भाग लिहिण्यास धैर्य लागतें. तें आम्हांस त्या महजराच्या वेळीं झालें नाहीं.

आतां साधनाविषयीं. अप्रकाशित कागद वापरला असेल, तर त्याची अक्षरशः नक्कल निबंधास जोडावी. मूळचें शुद्धलेखन सुधारूं नये. फाटलेल्या जागीं टिंबें द्यावीत. आपण भरलेलीं अक्षरें कंसांत ठेवावीत. संदिग्ध अक्षरापुढें प्रश्नचिन्ह द्यावें. मोडींत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाहीं व शब्द सलग चालतात, म्हणून शब्द कोठें तोडला हाहि एक निर्णयच असतो. शिवाय पानांची संख्या, लांबीरुंदी, एका पानावरील ओळी, लिपि, पुष्पिका, धन्याचें घराणें, गांव व रुमालाची खूण यांची नोंद हवी. हल्लीं मोबाईलनें छायाचित्र सहज घेतां येतें. तें दोन्ही बाजूंचें, मोजपट्टी शेजारीं ठेवून घ्यावें. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापावयास घेतलीं, तेव्हां मूळ पत्रेंच वाचकांपुढें ठेविलीं. म्हणून त्यांच्या प्रस्तावनांतील अनुमानांशीं ज्यांचा मतभेद झाला, त्यांसहि तीं पत्रें उपयोगीं पडलीं. मल्लिनाथानें टीकारंभीं घातलेली आधारावांचून कांहीं न लिहिण्याची प्रतिज्ञा विद्यार्थ्यानें आपली करावी, व अनपेक्षित कांहीं न बोलण्याचा तिचा दुसरा भागहि विसरूं नये. दुसऱ्याचें वाक्य घेतल्यास अवतरणचिन्हांत घ्यावें. दुसऱ्याचा विचार घेतल्यास त्याचें नांव सांगावें.

तिथीच्या बाबतींत घाई फार नडते. जेधे शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. तींत व परमानंदाच्या शिवभारतांत शिवजन्माची तिथि शके १५५१ फाल्गुन वद्य ३ अशी आहे. शकांत सरसकट ७८ मिळविणारा १६२९ लिहून मोकळा होईल. परंतु फाल्गुन वद्य हा पक्ष जानेवारी उलटल्यावर येतो, म्हणून येथें ७९ मिळवावे लागतात व १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस येतो. तोहि जुन्या ज्युलियन गणनेचा. आजच्या ग्रेगरियन गणनेनें तो १ मार्च होतो. शुहूर सनांत मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व पुढें ६०० मिळवावेत. आमच्या तालुक्यास आणखी एक सावधगिरी हवी. येथून छिंदवाडा व बैतूल दूर नाहींत, आणि उत्तरेकडील हिंदी कागदांत महिने पूर्णिमांत असतात. आमचा फाल्गुन वद्य तो त्यांचा चैत्र वद्य. म्हणून मूळ तिथि जशीच्या तशी आधीं द्यावी, इसवी तारीख मागाहून द्यावी.

लिहिण्याचा क्रम वाचण्याच्या क्रमाहून निराळा ठेवावा. आधीं नक्कल व साधनवर्णन पुरें करावें. नंतर उत्तरपक्ष, मग पूर्वपक्ष, मग निर्णय लिहावा. प्रस्तावना सर्वांत शेवटीं लिहावी, कारण निबंध काय सांगतो हें लेखकास तोंवर पुरतें कळलेलें नसतें. प्रस्तावनेच्या पहिल्या पानांतच संशय एका वाक्यांत यावा. जो परिच्छेद त्या वाक्याशीं जोडतां येत नाहीं, तो कितीहि आवडता असला तरी काढून टाकावा. त्या मुलीनें अकरांपैकीं दहा पानें अशीं काढलीं. डोळ्यांत पाणी होतें, पण काढलीं.

शेवटीं संग्राहक बंधुभगिनींस तीन विनंत्या. आपल्या प्रत्येक रुमालास व पोथीस आजच क्रमांक घालावा, म्हणजे विद्यार्थ्यास निर्देश करतां येईल. दप्तर हातावेगळें करण्याची भीति वाटत असल्यास करूं नये. पण वादग्रस्त ओळीचें छायाचित्र घेण्यास व दुसऱ्यानें येऊन तें ताडून पाहण्यास मनाई करूं नये. आणि निबंध पुरा झाल्यावर त्याची एक प्रत मागून घेऊन त्याच रुमालांत बांधून ठेवावी. दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. भिंत एका घराची बसते, गांवची बसत नाहीं.

त्या विद्यार्थिनीचें काम अद्याप चाललें आहे. तिच्या वहीच्या पहिल्या पानावर आतां एकच प्रश्न लिहिलेला आहे आणि त्याखालीं पाहिलेल्या पोथ्यांचे क्रमांक वाढत आहेत. आमच्या विवेचनांत कांहीं न्यून राहिलें असल्यास जाणत्यांनीं तें कळवावें, म्हणजे पुढच्या विद्यार्थ्यास तें सुधारून सांगतां येईल.