पंच: कोणते व्हेरियंट, कोणत्या रस्त्यासाठी

टाटा मोटर्सची पंच ही छोटी एसयूव्ही ऑक्टोबर २०२१ मध्ये बाजारात आली. ती पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला तयार होते. तेव्हा लांबी ३,८२७ मिलिमीटर, पेट्रोल इंजिन १,१९९ सीसीचे. सुरुवातीला तिचे चार व्हेरियंट होते: प्युअर, ॲडव्हेंचर, अकम्प्लिश्ड आणि क्रिएटिव्ह. तेव्हाच्या दिल्लीतल्या एक्स-शोरूम किमती अनुक्रमे ५.४९, ६.३९, ७.२९ आणि ८.४९ लाख रुपये. बेस आणि टॉप मॉडेलमधल्या या तीन लाखांत नेमके काय मिळते, हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर तपासण्यासारखे आहे.

मुख्य गोष्टींत २०२१ च्या चारही गाड्या सारख्याच होत्या. ग्राउंड क्लिअरन्स १८७ मिलिमीटर, दोन एअरबॅग आणि एबीएस सगळ्यांत होते. २०२१ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी मिळालेले ५ तारे दोन एअरबॅगच्याच गाडीचे. लोहखनिजाच्या ट्रकांनी खचलेल्या आलापल्लीकडच्या रस्त्यावर प्युअर क्रिएटिव्हइतकीच उंच चालते. उलट क्रिएटिव्हच्या १६ इंची अलॉय चाकांपेक्षा खालच्या व्हेरियंटच्या १५ इंची चाकांवरचा टायर जाड. खड्ड्यात तोच बरा.

ॲडव्हेंचरमध्ये म्युझिक सिस्टीम आणि चारही दारांना पॉवर विंडो येत. अकम्प्लिश्डमध्ये ७ इंची टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प आणि चालकाची सीट वर-खाली करण्याची सोय. क्रिएटिव्हमध्ये प्रोजेक्टर हेडलॅम्प, ऑटोमॅटिक एसी आणि मागच्या काचेचा वायपर. ताडोब्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर सपाट पाठीच्या गाडीची मागची काच धुळीने माखते, म्हणून हा वायपर चैनीच्या यादीत धरू नये. तो सर्वांत महाग व्हेरियंटसाठी राखून ठेवला, ही या गाडीची उणीवच.

पंचची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. अकम्प्लिश्डपासून वरच्या एएमटी (आपोआप गिअर बदलणाऱ्या) गाड्यांत ‘ट्रॅक्शन प्रो’ होते: पुढचे एक चाक चिखलात गरगरू लागले की त्याला ब्रेक लागतो आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळतो. एएमटीचे तेव्हा ६० हजार रुपये जास्त. तरीही ती जीप होत नाही. कंपनीने तेव्हा सांगितलेली पाण्यातून जाण्याची मर्यादा ३७० मिलिमीटर, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर आल्यावर टॉप मॉडेलनेही अलीकडच्या काठावरच थांबावे.

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जातो, पण २०२१ च्या एकाही पंचमध्ये मागच्या सीटसाठी एसीचे व्हेंट नव्हते. ते २०२४ मध्ये वरच्या काही व्हेरियंटमध्ये आले. यादी अशी बदलत राहते. बुकिंगआधी चालू महिन्याची छापील यादी मागून घ्यावी.

स्क्रीन, कॅमेरा, फॉग लॅम्प बाजारात नंतरही बसवून मिळतात. सीटची सोय, मागचा वायपर, एएमटी मात्र पहिल्याच दिवशी घ्यावे लागतात. हात आखडता असेल तर ॲडव्हेंचर पुरे. रोज जंगलातून जाणे-येणे असेल तर अकम्प्लिश्ड एएमटीसाठी पैसे साठवावेत.