ताटातले मांस आणि प्राण्याचा अखेरचा तास

आजारातून उठलेल्या वडीलधाऱ्यांच्या आहारात प्रथिने वाढवा, असे आम्ही डॉक्टर सांगतो आणि मांसाहारी घरांत मटण किंवा चिकन शिजू लागते. ते मांस ज्या प्राण्याचे, त्याचा अखेरचा तास कसा गेला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न जितका दयेचा, तितकाच आरोग्याचा आहे.

वऱ्हाडच्या उन्हात तहानलेला, दाटीवाटीने आणलेला बोकड स्नायूंतील साखरेचा साठा भीतीत आणि धडपडीत संपवून बसतो. मृत्यूनंतर याच साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि मांसाचा सामू सातवरून साडेपाचच्या आसपास उतरतो. साठाच नसेल, तर तो सहाच्या वर राहतो. मांस काळपट होते व लवकर नासते. तरुणाला सहज सोसणारे जुलाब सत्तरीतील मधुमेही रुग्णाला रुग्णालयात पोहोचवू शकतात.

कायद्याने याचा विचार केला आहे. २००१ च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावराची कत्तल दुसऱ्याच्या देखत करता येत नाही. गाभण जनावर कापता येत नाही. पशुवैद्यकाची तपासणीही आवश्यक आहे. विजेच्या झटक्याने किंवा यांत्रिक आघाताने जनावर आधी बेशुद्ध केले, तर सुरीची वेदना त्याला कळत नाही. धर्माने सांगितलेल्या पद्धतीला १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात मुभा आहे. तथापि न्यूझीलंडमध्ये हलाल मटणासाठीही मेंढीला आधी विजेने बेशुद्ध करतात. श्रद्धा आणि करुणा एकत्र नांदू शकतात.

धामणगावसारख्या गावात कोंबडी बहुधा दुकानातच कापली जाते. तेथे आपण एवढे अवश्य पाहावे: पिंजऱ्यातील पक्ष्यांना पाणी व सावली आहे काय? इतरांसमोर कापतात काय? सुरी धारदार आहे काय? तडफडता पक्षी पिंपात फेकतात, की शंकूच्या आकाराच्या भांड्यात धरून रक्त निथळू देतात? पूर्ण निपचित होण्याआधीच त्याला गरम पाण्यात बुडवत तर नाहीत ना?

गिऱ्हाईक विचारू लागले, की दुकानदार सावध होतो. मांस घरी आणल्यावर लगेच शिजवावे, अन्यथा फ्रिजमध्ये ठेवावे; वृद्धांसाठी ते पूर्ण शिजलेलेच असावे. आपल्या आईवडिलांना बळ देण्यासाठी जो जीव गेला, त्याला निदान भीती व यातना कमी व्हाव्यात, एवढे तरी आपण मागू या.