लाल शाईची पारख

निळी व काळी शाई ही लिहिणाऱ्याच्या हातची, तर लाल शाई ही वाचणाऱ्याच्या हातची वस्तू होय; एकाने लिहावे आणि दुसऱ्याने त्यावर खूण, दुरुस्ती वा शेरा करावा, अशा दुहेरी व्यवहारातच तिचे प्रयोजन उत्पन्न होत असल्यामुळे, नव्या लाल शाईची बाटली उघडल्यावर कोऱ्या गुळगुळीत कागदावर ती किती मोहक दिसते एवढ्यावरून तिचा निकाल देणे मला अपुरे वाटते.

मजकुरावर लाल रंगाने खूण करण्याची रीत फाउंटन पेनाहून फार पुरातन आहे. बोरूने पोथी उतरून घेणारा लेखक मजकूर काजळाच्या शाईने लिही, परंतु दंड, श्लोकांक आणि अध्यायाच्या अखेरची पुष्पिका पुष्कळदा हिंगुळाने रेखी किंवा त्यांवर गेरू चोळी, आणि चुकलेले अक्षर झाकायचे असल्यास त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप देई. हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचे संयुग. त्याची पूड पाण्यात विरघळत नाही, डिंकाच्या आधाराने कागदाच्या पृष्ठावर बसते, आणि म्हणूनच शतकापूर्वीच्या पोथ्यांतील तांबड्या रेघा आजही ठळक आढळतात.

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या दोन गावी लाल शाईला निराळी कामे पडली. शिरूर, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडची घोडनदी, ही पेठ. तेथे दिवाळीत लाल कापडी बांधणीच्या चोपड्यांचे पूजन होते. जमाखर्चाच्या शास्त्रात लाल शाईचे व्याज म्हणून एक प्रकरणच आहे: चालू खात्याचा हिशेब ज्या तारखेस बंद करावयाचा, तिच्यानंतर एखाद्या रकमेची मुदत भरत असेल, तर मधल्या दिवसांचे व्याज त्याच रकान्यात लाल शाईने मांडतात, आणि ते बेरजेत न धरता उलट बाजूचे समजतात. येथे रंग हाच वजाबाकीचे चिन्ह झाला. तो फिका पडला तर हिशेबच फिरेल.

भीमाकाठचे दौंड हे १८७८ साली मनमाडचा लोहमार्ग सुरू झाल्यापासून जंक्शन. रूळ अडलेला असताना त्या मार्गावर दुसरी गाडी घेतली जाऊ नये म्हणून स्टेशनमास्तराने नोंदवहीत तसा शेरा लाल शाईने करण्याची रेल्वेची रीत आहे. रात्रपाळीच्या मनुष्याच्या नजरेत तो शेरा क्षणात भरला पाहिजे, यापलीकडे त्या शाईकडून काही अपेक्षा नाही, आणि याहून मोठी अपेक्षाही नाही. दिल्लीच्या सचिवालयात तर हिरवी वा लाल शाई क्वचित प्रसंगी वापरण्याची मुभा सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांनाच आहे.

फाउंटन पेनात हिंगूळ चालत नाही, कारण त्याचे कण निबेखालच्या बारीक खाचेत अडकतात. तेथे बहुधा पूर्ण विरघळणारा रंगच वापरतात. असा एक रंग, इओसिन, एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात जर्मनीत हाइनरिश कारो याने सिद्ध केला, आणि तो लाल शाईत शिरला. त्याचे तेज अपूर्व, पण प्रकाशापुढे तो टिकत नाही. व्हॅन गॉगच्या काही चित्रांतील गुलाबी छटा याच रंगामुळे उडून गेल्या. आपल्याकडे मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईची पूड व वड्या करण्यास आरंभ केला आणि पुढे ‘कॅमल’ शाई घरोघर पोहोचली. स्वदेशी दौतीचा तो काळ माझ्या मते आपल्या उद्योगेतिहासातील मोठ्या आदराचा भाग आहे.

आता पारखीविषयी. प्रथम निळ्या शाईने काही ओळी लिहून त्या पुरत्या वाळू द्याव्यात आणि मग त्यांवरून लाल रेघ ओढावी. निळा रंग पाण्याने सुटणारा असेल तर छेदाच्या जागी दोन्ही शाया मिसळून जांभळट डाग पडतो, आणि विद्यार्थ्याने काय लिहिले होते हेच तपासनिसास वाचता येत नाही. यासाठी शाई वाहती असावी, पण ओली नसावी. हा तोल साधणे हेच शाई करणाराचे खरे कसब. दुसरी कसोटी कागदाची. उत्तरपत्रिकांच्या पातळ कागदावर लाल शाई फुटते का, पाठपोटी उमटते का, हे पाहावे. मागील बाजूस उमटलेली लाल खूण ही तेथील निर्दोष उत्तरावर उठलेला खोटा आरोप होय, आणि हा दोष मी कोणत्याही सुंदर छटेसाठी क्षम्य मानणार नाही. तिसरी कसोटी उन्हाची: जिल्ह्याच्या या पूर्वेकडील कोरड्या पट्ट्यात ऊन फुकट आणि मुबलक आहे. लिहिलेल्या पानाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून ते दक्षिणेच्या खिडकीत ठेवावे. कित्येक शायांचा उघडा भाग हळूहळू फिकट गुलाबी होत जातो, झाकलेला मात्र तसाच राहतो. रोजच्या तपासणीस असली शाई चालेल. जन्माच्या नोंदी, खरेदीखते किंवा चोपड्या यांजजवळ तिला फिरकू देऊ नये. पाण्याची परीक्षा सोपी आहे, एक थेंब टाकून टीपकागदाने टिपावा. बहुतेक लाल शाया येथे हरतात.

राहिला प्रश्न पेनाचा. लाल रंग प्लॅस्टिकच्या टाकीला चिकटून राहतो, आणि धुतल्यावरही पुढच्या निळ्या शाईत त्याची जांभळी झाक उतरते. म्हणून लाल शाईस एक स्वतंत्र पेन कायमचे नेमून द्यावे, त्याची निब बारीक निवडावी, आणि शाई निबेवर सुकू न देता अधूनमधून ते साध्या थंड पाण्याने, धुवण निर्मळ येईतो, धुऊन घ्यावे.