रीड, रश, सेज आणि बुलरश

पाणथळ जागी उगवणाऱ्या उंच, सडपातळ वनस्पतींसाठी इंग्रजीत रीड, रश, सेज, बुलरश, कॅटटेल अशी अनेक नावे असून, मराठी अनुवादात या सर्वांची बोळवण बहुधा 'बोरू' किंवा 'लव्हाळा' या एकाच शब्दाने केली जाते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही वेगवेगळी कुळे आहेत आणि त्यातली पहिली तीन तर नुसता देठ तपासूनही ओळखता येतात.

रीड हे खरे गवत असून त्याचा दांडा पोकळ व पेरांचा असतो. इंग्लंडच्या नॉरफक परगण्यात घरे शाकारण्यासाठी तो आजही वापरला जातो. सेजचा देठ भरीव आणि बहुधा तिधारी असल्याने बोटांत फिरवताच त्याच्या कडा जाणवतात. आपला लव्हाळा, म्हणजेच नागरमोथा, याच कुळातला. रशचा देठ गोल व बिनपेरांचा असून आत पांढरा, स्पंजासारखा गाभा असतो. हा गाभा टिकून राहावा म्हणून सालीची एकच पट्टी ठेवून बाकीचा देठ सोलायचा आणि वितळलेल्या चरबीत बुडवून त्याची वात करायची, अशी इंग्लंडमधील गरिबांच्या घरची रीत होती. निसर्ग अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी 1789 साली प्रसिद्ध झालेल्या, सेलबर्न या गावाविषयीच्या ग्रंथात तिचे बारकाईने वर्णन केले आहे.

खरी अडचण बुलरशची आहे. ब्रिटनमध्ये हे नाव पूर्वी सेज कुळातील एका उंच वनस्पतीला होते. पुढे लोकव्यवहारात ते तपकिरी, दंडगोल कणसाच्या टायफाला, म्हणजे आपल्या पाणकणसाला, चिकटले, आणि त्याच टायफाला अमेरिकेत कॅटटेल म्हणतात. 1611 च्या इंग्रजी बायबलात बाळ मोशेला ज्या बुलरशच्या पेटाऱ्यात ठेवले, तो बुलरश तर नाईलकाठचा पपायरस मानला जातो, आणि पपायरस हा लव्हाळ्याचाच भाऊबंद असल्याने तेथे 'पाणकणीस' लिहिणे चुकीचे ठरते. टायफाच्या कणसाशी असलेल्या साम्यामुळे जुन्या इंग्रजी कृषिग्रंथांत 'बुलरश मिलेट' असे नाव आढळते, ते मात्र कोणत्याही पाणवनस्पतीचे नसून आपल्या बाजरीचे आहे. तेव्हा अनुवादकांनी बुलरश हा शब्द दिसताच आधी लेखकाचा देश आणि काळ पाहावा, आणि मगच मराठी नाव ठरवावे.