किडनीच्या आजारात भाजी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

क्रिएटिनिन वाढल्याचा रिपोर्ट हाती आला की पहिली गदा येते ती ताटातल्या भाजीवर. गेवराई तालुक्यातल्या उमापूरसारख्या गावात आहारतज्ज्ञ सहसा हाताशी नसतो. मग पथ्य ठरवतात ते पाहुणेरावळे आणि व्हॉट्सॲप. त्यातले काही सल्ले जिवावर बेतू शकतात.

गैरसमज १ : किडनीच्या पेशंटने भाज्या बंदच कराव्यात.
वस्तुस्थिती : सरसकट बंदी नाही. प्रश्न आहे तो पोटॅशियमचा. रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण ३.५ ते ५ हवं. किडनी थकली की ते साठत जातं आणि फारशी लक्षणं न दाखवता हृदयाचे ठोके बिघडवतं. मात्र रिपोर्ट नॉर्मल असेल, तर भाज्या तोडायचं कारण नाही. उलट त्यांच्यामुळे पोट साफ राहतं आणि काही पोटॅशियम शौचावाटे बाहेर पडतं.

गैरसमज २ : सगळ्या भाज्या सारख्याच.
वस्तुस्थिती : १०० ग्रॅम कच्च्या पालकात सुमारे ५५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, दुधीत १५०च्या आसपास. दोडका, काकडी, कोबी हेही दुधीच्याच पंक्तीतले. पालक, तांदुळजा, शेवगा, बटाटा, रताळं यांत ते जास्त. पोटॅशियम वाढलेलं असेल तर या भाज्या डॉक्टरांना विचारूनच खाव्यात. कमी पोटॅशियमची भाजीसुद्धा वाटीभरच. तीन वाट्या खाल्ल्या तर हिशेब तिथेच येतो.

गैरसमज ३ : चिरून पाण्यात भिजवली की भाजी निर्धोक.
वस्तुस्थिती : नुसत्या भिजवण्याने फारसं पोटॅशियम जात नाही. बटाटा सोलून पातळ चिरावा, भरपूर पाण्यात उकळावा, ते पाणी फेकावं आणि मग फोडणी द्यावी. कुकरमध्ये शिजवून तेच पाणी रश्श्यात ओतलं, तर निघालेलं पोटॅशियम पुन्हा ताटात येतं. म्हणून रस्सा भुरकू नये, फोडी खाव्यात. शेंगदाण्याच्या कुटातही पोटॅशियम भरपूर असतं. तो मूठभर नको, चिमूटभर पुरे. उकळल्याने काही जीवनसत्त्वंही जातात, म्हणून पोटॅशियम नॉर्मल असलेल्यांनी हा खटाटोप करू नये.

गैरसमज ४ : साध्या मिठाऐवजी सैंधव किंवा ‘लो सोडियम’ मीठ चालतं.
वस्तुस्थिती : सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. ‘लो सोडियम’ मिठात बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं असतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. साधंच मीठ कमी वापरावं. लोणचं, पापड आणि खारट ठेचा टाळावा. चव लिंबू, लसूण, जिरं, कोथिंबिरीने आणता येते.

गैरसमज ५ : भाज्यांचा रस प्यायल्याने किडनी धुऊन निघते.
वस्तुस्थिती : असा कुठलाच रस नाही. रसात अनेक भाज्यांचं पोटॅशियम एकाच पेल्यात उतरतं. पालकाचा रस रोज घेतला तर ऑक्झलेट साचून किडनीला आणखी इजा होऊ शकते. कडू लागणाऱ्या दुधीचा रस तर विषारीच. तो घोटभरही घेऊ नये.

रक्तदाबाची काही औषधंही पोटॅशियम वाढवतात, पण ती मनाने बंद करू नयेत. पुढच्या तपासणीला जाताना तीन प्रश्न कागदावर लिहून न्या: माझं पोटॅशियम आज किती आहे? माझ्या गोळ्यांनी ते वाढतं का? आमच्या घरात होणाऱ्या भाज्यांपैकी मी कोणत्या आणि किती खाऊ? तुमचं पथ्य या तीन उत्तरांवर ठरू द्या.